फेब्रुवारीचे तीनशे रुपये

पगारपत्रक (धागाकर्ता)

नाशिकच्या सातपूरला एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे मी पगारपत्रकं बनवतो. चौदा वर्षं झाली. हजेरी, ओटी, पीएफ, ईएसआयसी, पी.टी., उचल, आणि सगळ्यात खाली हातात पडणारा आकडा. मार्चचा पहिला आठवडा आला की माझ्या टेबलासमोर कोणी ना कोणी येऊन उभं राहतंच. "साहेब, या टायमाला शंभर रुपये जास्त कापले."

यंदा पेठ तालुक्यातला पोरगा होता. प्रेसशॉपला लागून तीन-चार महिने झालेले. स्लिपची चौघडी करून खिशात ठेवलेली, घामाने आकडे पुसट झालेले, पण बोट बरोबर 'पी.टी. ३००' वर. मी नेहमीची कॅसेट लावली. पी.टी. म्हणजे व्यवसाय कर, वर्षाला २,५००. महिन्याला २०० प्रमाणे अकरा महिने, आणि हिशेब पुरा करायला फेब्रुवारीत ३००. दहा हजारांच्या वर पगार असलेल्या प्रत्येक पुरुषाला हेच.

तो म्हणाला, "मग मालकाला किती?"

"तेवढेच. कंपनीचा डायरेक्टर असला तरी वर्षाला २,५००."

त्याला वाटलं मी त्याची फिरकी घेतोय. पण खरंच तसं आहे. घटनेच्या २७६ व्या कलमात या कराची कमाल मर्यादा लिहून ठेवली आहे. आधी वर्षाला २५० होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली, आणि तिथेच बसली. पोराचा रोज ५५०. सव्वीस दिवस भरले तर १४,३००. म्हणजे त्याच्या पगाराच्या जवळजवळ दीड टक्का पी.टी.त जातो. वर्षाला कोटी कमावणाऱ्याचा जातो टक्क्याचा चाळिसावा भाग.

आणि हा कर आला कशासाठी? १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीला पैसा हवा होता म्हणून. १९७५ पासून शहरातल्या कमावत्याने थोडं द्यायचं, सरकारने त्यात तेवढीच भर घालायची, आणि गावात जो मागेल त्याला काम मिळायचं. पोराला हे सांगितलं तर म्हणाला, "आमचा आजा जायचा की रोहयोवर. बंधाऱ्याला खडी फोडायला." आजोबाच्या मजुरीसाठी लावलेला कर आता नातवाच्या मजुरीतून कापला जातोय आणि कापणारा मी.

त्याच संध्याकाळी सीबीएसला, म्हणजे मुख्य बस स्टँडच्या चौकात, मोर्चा होता. तासभर गाडी बंद करून बसलो होतो, तेव्हा हे सगळं डोक्यात फिरत होतं. म्हणून दोन प्रश्न टाकतो. श्रीमंतांच्या संपत्तीवर वेगळा कर असावा का? आणि त्यासाठी, किंवा कशासाठीही, रस्त्यावर उतरून काही पदरात पडतं का?

शटर_अर्धं

पहिल्या प्रश्नावर नंतर येतो, दुसऱ्यावर आधी. माझं मेन रोडला दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. बी. डी. भालेकर मैदानावरून मोर्चा निघाला की शालिमारपासून पुढे सगळं ठप्प. गिऱ्हाईक गल्लीत शिरत नाही. आधीच सिंहस्थाच्या नावाने रस्ते उकरून ठेवलेत. मोर्चातल्या कुणाचंही माझ्याशी भांडण नाही, माझंही नाही. पण दिवसाचा धंदा माझा बुडतो, कलेक्टर साहेबांचा पगार नाही बुडत.

कराबद्दल बोलायचं तर आयकर मोजके लोक भरतात, बाकी सगळे फुकट खातात आणि वर श्रीमंतांना शिव्या घालतात.

उन्हाळकांदा

@शटर_अर्धं, शेठ, फुकट कोण खातंय? पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेतला तरी मजूर जीएसटी भरतो. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत बिस्किटावर, साबणावर, टूथपेस्टवर १८ टक्के होता, आता ५ झाला. तो १८ टक्के गंगापूर रोडच्या बंगल्यातही तेवढाच होता आणि आमच्या शेतगड्याच्या घरातही तेवढाच. फक्त त्याला पावती मिळत नाही म्हणून तो करदाता म्हणवला जात नाही.

आता आमचं ऐका. निफाड तालुका. ऑगस्ट २०२३ ला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. लासलगावचे लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातच बंद. मे २०२४ ला उघडली, पण ४० टक्के शुल्क तसंच. सप्टेंबरात २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला एकदाचं गेलं. दीड वर्ष. कांदाचाळीत माल सडत होता तेव्हा वास किती लांब जातो ते शहरातल्यांनी एकदा येऊन बघावं. खालची पाटी काढली की पाणी गळतं त्यातून, काळं.

माझा सरळ सवाल आहे. कांद्यावर एका रात्रीत ४० टक्के बसवता येतात, तेव्हा कोणी म्हणत नाही की शेतकरी देश सोडून जाईल, गुंतवणूक पळेल, आधी समिती नेमा. हजार कोटीवाल्याच्या संपत्तीवर दोन टक्के म्हटलं की लगेच सगळ्यांना अर्थशास्त्र आठवतं.

ताळेबंद

कांदेवाले भाऊ, राग समजतो. निर्यात शुल्काचं समर्थन मी करत नाही. पण संपत्ती कर आपल्याकडे होता, आणि तो का गेला हे माहीत असलं पाहिजे.

१९५७ चा संपत्ती कर कायदा. केंब्रिजचे निकोलस कॅल्डॉर यांना सरकारने सल्ल्यासाठी बोलावलं होतं, त्यांच्या शिफारशींतून संपत्ती कर, खर्च कर, दान कर असे एकामागून एक आले. वारसा हक्काच्या मालमत्तेवर १९५३ पासून इस्टेट ड्यूटी होतीच, तिचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. आयकराचा वरचा दर १९७३-७४ ला अधिभार धरून ९७.७५ टक्के. शंभरातले सव्वादोन रुपये हातात! परिणाम काय? लोकांनी उत्पन्न दाखवणंच सोडलं. इस्टेट ड्यूटीतून वर्षाला वीसेक कोटी यायचे, भांडणं आणि मूल्यांकनाचे खटलेच जास्त. १९८५ ला रद्द झाली. संपत्ती करातून २०१३-१४ ला १,००८ कोटी आले, सगळ्या देशातून. २०१५ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जेटलींनी तो काढला आणि कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला, त्यातून नऊ हजार कोटींची अपेक्षा होती. वसूल करायला सोपा, चुकवायला अवघड. माझ्या मते निर्णय बरोबर होता.

नोटाछाप

वाचतोय. नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं काढली. एवढा पैसा डोळ्यांनी बघितलेला माणूस या धाग्यावर दुसरा नसेल, आणि घरी न्यायला बंदी असलेलाही. 😀

९७ टक्क्यांचा जमाना आम्ही पाहिला आहे. तेव्हाही श्रीमंत होते बरं का. गाड्या कंपनीच्या नावावर, बंगला ट्रस्टच्या नावावर.

सुरगाणा_ते_सिडको

ताळेबंद सर, एक साधा प्रश्न. मी शिक्षिका आहे, अर्थशास्त्र शिकलेली नाही. तो जो संपत्ती कर २०१५ ला काढला, त्यात शेअर मोजायचे का?

ताळेबंद

नाही, ताई. १९९२-९३ नंतर नाही. शेअर, ठेवी वगैरे 'उत्पादक' म्हणून वगळले होते. दागिने, गाड्या, शहरातली मोकळी जमीन, जादाचं घर, असं धरायचे. ३० लाखांच्या वर एक टक्का.

सुरगाणा_ते_सिडको

मग १,००८ कोटीच आले यात नवल काय? श्रीमंताचं खरं धन जिथे आहे ते सोडून बायकोच्या पाटल्या मोजल्या.

पगारपत्रक

ताई 👏

ताळेबंद

मान्य, हा माझ्या युक्तिवादातला कच्चा दुवा आहे. आणखी एक मीच सांगतो, कारण रोज तेच बघतो. एकाला पगारातून वर्षाला एक कोटी मिळाले तर आयकराच्या नव्या पद्धतीने अधिभार-उपकर सोडून साधारण साडेपंचवीस लाख कर. दुसऱ्याने तेवढाच नफा जुने शेअर विकून कमावला तर बारा लाखांच्या आसपास, कारण दीर्घकालीन नफ्यावर दर साडेबारा टक्के. तिसऱ्याने शेअर विकलेच नाहीत, तेच तारण ठेवून कर्ज काढलं आणि त्यावर घर चालवलं, तर शून्य. कर्ज हे उत्पन्न नाही. यात बेकायदा काहीही नाही. शेअरची किंमत कागदावर चौपट होऊ दे, विकल्याशिवाय कर नाही.

संपत्ती कराला माझा विरोध तत्त्वाचा नाही, अंमलबजावणीचा आहे. शेअर बाजाराच्या यादीत नसलेल्या कंपनीची किंमत दरवर्षी कोण ठरवणार? अधिकारी ठरवणार. मग पुढचं सांगायला नको.

अंबड_लेथ

पुढचं मी सांगतो. अंबडला माझं छोटं युनिट आहे, चार सीएनसी मशीन, अकरा माणसं. मशीन, शेड, जागा मिळून कागदावर मी करोडपती. बँकेचं कर्ज आणि पार्टीकडे अडकलेलं पेमेंट वजा केलं तर काय उरतं ते माझं मला माहीत. दिलेल्या मालाचे पैसे नव्वद नव्वद दिवस येत नाहीत, जीएसटी मात्र पुढच्या महिन्यात भरायचा. उद्या संपत्ती कर आला तर तो वरच्या मजल्यावर पोचायच्या आधी जिन्यात मलाच धरणार. २०१९ ला कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांना १५. फायदा कंपन्यांना. माझ्यासारख्या प्रोप्रायटरला काय? काही नाही. मोठ्यांना सूट मिळते तेव्हा आम्ही लहान असतो, आणि कर लावायची वेळ आली की आम्हीच 'उद्योजक'.

ल्योंकर

मूळचा पंचवटीचा, सध्या फ्रान्समध्ये ल्योंला. इकडे हाच वाद गेली सात-आठ वर्षं पेटलेला आहे म्हणून लिहितो.

राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉननी २०१८ पासून जुना संपत्ती कर काढून फक्त स्थावर मालमत्तेवर ठेवला. म्हणजे शेअर सुटले, घरं राहिली. त्याच सुमारास डिझेलवरचा कर वाढत होता. १७ नोव्हेंबर २०१८ ला पिवळी जाकिटं घालून लोक चौकाचौकात उतरले. गावाकडे बस नाही, कामाला गाडीनेच जावं लागतं, आणि त्याच डिझेलवर कर, तर शेअरवाल्याला सूट. सगळा संताप या एका जोडीत होता. डिसेंबरात सरकारने इंधनावरची वाढ मागे घेतली. संपत्ती कर मात्र परत आला नाही. मोर्चाने काय मिळतं याचं उत्तर इथे थोडं मिळतं: जे टोचतं ते काढून घेतात, जिथून टोचायला सुरुवात झाली ते तसंच राहतं.

पुढे गॅब्रिएल झुकमन या अर्थतज्ज्ञाचा प्रस्ताव आला. ज्यांची संपत्ती दहा कोटी युरोंच्या वर, अशा साधारण अठराशे कुटुंबांनी सगळे कर मिळून निदान संपत्तीच्या दोन टक्के तरी भरावेत. अंबडचे दादा, तुमच्या शेडपर्यंत तो येत नाही. फेब्रुवारी २०२५ ला खालच्या सभागृहात मंजूर, जूनमध्ये सिनेटने फेटाळला, आणि ऑक्टोबरअखेर खालच्या सभागृहातही पडला. विरोधकांचं म्हणणं ताळेबंद सरांसारखंच, शिवाय श्रीमंत पळतील हे. ते अगदीच खोटं नाही. नॉर्वेने २०२२ ला कर वाढवल्यावर काही धनाढ्य स्वित्झर्लंडला गेलेच. कर लावायच्या आधी दाराला कडी हवी, म्हणजे देश सोडताना हिशेब चुकता करायचा नियम.

शटर_अर्धं

फ्रान्सचं राहू द्या हो. आपल्याकडे विषमता आहे तरी किती? गेल्या वर्षीच बातमी होती की भारत समानतेत जगात चौथा.

ताळेबंद

ती बातमी जुलै २०२५ ची. जागतिक बँकेचा २५.५ चा गिनी निर्देशांक, म्हणजे विषमतेचं माप, जितकं कमी तितकी समानता. पण तो खर्चाचा आहे, उत्पन्नाचा नाही, संपत्तीचा तर नाहीच. कोण किती साबण, तेल, कपडे, मोबाईल वापरतो याची पाहणी. कोट्यधीश माणूस जेवून जेवून किती जेवणार? त्याचा पैसा खर्चात दिसत नाही, साठ्यात दिसतो. पिकेटी, चॅन्सेल, भारती आणि सोमांची या अर्थतज्ज्ञांचा २०२४ चा अभ्यास उत्पन्न आणि संपत्तीचा आहे. त्यात २०२२-२३ ला वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा येतो. त्यांच्या पद्धतीवरही आक्षेप आहेत, आयकराची आकडेवारी ताणून अंदाज बांधावे लागतात. पण दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, कारण दोन्ही वेगवेगळी गोष्ट मोजतात.

उन्हाळकांदा

सोप्या भाषेत: ताट मोजलं तर बरोबर, कोठार मोजलं तर नाही.

नोटाछाप

कांदेवाले, हे वाक्य माझं म्हणून उद्या जॉगिंग ट्रॅकवर खपवणार आहे.

चहा_कमी_साखर

समानता वगैरे सगळं थोतांड. ज्याच्यात दम आहे तो कमावतो. मोर्चेवाले आळशी, दोनशे रुपये आणि वडापाववर येतात.

सुरगाणा_ते_सिडको

तुमच्याशी वाद घालायला नाही, बाकीच्यांसाठी लिहिते.

६ मार्च २०१८ ला सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. माझी आई त्यात होती. वय तेव्हा अठ्ठावन्न. दोनशे रुपये कुणी दिले नाहीत. उलट घरून नागलीचं पीठ आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून निघाली. आमची जमीन आजोबांपासून कसतो, पण सातबाऱ्यावर वन विभाग. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर चार हेक्टरपर्यंत हक्क मिळेल. आमचा दावा तीनदा परत आला. एकदा कागद कमी, एकदा सही चुकीच्या जागी, एकदा कारणच नाही.

आईची चप्पल कसारा घाटात तुटली. प्लास्टिकची होती, डांबराने मऊ पडून अंगठाच निघाला. तिने लुगड्याची पट्टी फाडून तळव्याला गुंडाळली आणि चालली. ठाण्यापुढे कुणीतरी लोकांनी चपलांचा ढीग आणून ठेवला होता, त्यातला एक जोड घातला, डावा-उजवा वेगळ्या रंगाचा. ११ तारखेच्या रात्री सोमय्या मैदानावर पोचल्यावर कळलं की सकाळी दहावीचा पेपर आहे. पोरांचा खोळंबा नको म्हणून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले सगळे. पाच-सहा दिवसांत १८० किलोमीटर चाललेली माणसं झोप सोडून चालली, कशासाठी, तर शहरातल्या पोरांचा पेपर बुडू नये म्हणून. मी तेव्हा दहावीच्याच पर्यवेक्षणाला होते, इकडे नाशकात. आई फोनवर म्हणाली, "तुझी पोरं गेली का येळेवर?" तळव्याचं काही बोलली नाही. घरी आल्यावर मी कोमट पाण्यात पाय ठेवले तेव्हा कातडी पापुद्र्यासारखी पाण्यात सुटून आली.

शटर दादा, तुमचा दिवस बुडतो हे खरं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण आमचे तीन दावे बुडाले तेव्हा कुठला रस्ता बंद झाला नव्हता, म्हणून कुणाला कळलं नाही.

शटर_अर्धं

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. जमीन मिळाली का?

सुरगाणा_ते_सिडको

मुख्यमंत्र्यांनी लेखी आश्वासन दिलं म्हणून मोर्चा परत आला. पुढच्या वर्षी पुन्हा निघावं लागलं. मार्च २०२३ ला दिंडोरीहून पुन्हा निघाला, वाशिंदला थांबला. आमच्या वाट्याला कसतो त्याच्या निम्म्याहून कमी जमीन आली. आई म्हणते, मिळाली. मी म्हणते, अर्धी मिळाली. आमच्या दोघींतला हा वाद चालूच असतो.

उन्हाळकांदा

२०२३ च्या त्याच मोर्चात कांद्याला क्विंटलमागे ६०० रुपये अनुदानाची मागणी होती. ३५० जाहीर झालं, तेही २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे अर्ध्याच्या थोडं वर. आमच्याकडे आता मागायची रक्कमच त्या हिशेबाने ठरवतात.

संपादक

चहा_कमी_साखर यांचे पुढचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. मुद्द्यावर बोला, माणसावर नको.

अंबड_लेथ

एक शंका. मोर्चे शेतकऱ्यांचे होतात, आदिवासींचे होतात, आरक्षणाचे होतात. 'श्रीमंतांवर कर लावा' म्हणून नाशकात मोर्चा निघालेला कुणी पाहिलाय? मी तरी नाही. लोक स्वतःसाठी मागायला रस्त्यावर येतात, दुसऱ्याकडून घ्या म्हणायला नाही.

पगारपत्रक

दादा, बरोबर पकडलंत. मी उलटा मोर्चा मात्र पाहिलाय. २०१८ ला महापालिकेने घरपट्टीचे दर वाढवले, मोकळ्या जागांवर आणि शहरातल्या शेतीवरसुद्धा कर येणार म्हणून गाव पेटलं होतं, आठवतंय? घरपट्टी म्हणजे आपल्या रोजच्या ओळखीतला एकमेव संपत्ती कर. त्यात पाथर्डी-मखमलाबादच्या शेतकऱ्याचं दुखणं खरं होतं, पिकत्या मळ्यावर कर कुठून भरणार तो. पण त्याच्या आडोशाला वीस-वीस प्लॉट घेऊन भाव वाढायची वाट बघणारेही तितक्याच मोठ्याने ओरडत होते. दोघांना एकाच दराने पकडायला गेलं की दोघं एकत्र येतात, आणि मग मोठ्याचं काम लहानाच्या घोषणेवर होऊन जातं.

म्हणून अंबडच्या दादांची भीती मला पटते, पण त्यातून मी दुसराच अर्थ काढतो. पी.टी.त वर मर्यादा आहे, खाली फारशी नाही. संपत्ती कर आणायचाच तर उलटं हवं, खालची रेघ इतकी वर की लेथवाला, दुकानदार, द्राक्षबागवाला कुणी त्यात सापडूच नये. २०२४ च्या त्या अभ्यासाबरोबर आलेल्या प्रस्तावात दहा कोटींच्या वर दोन टक्के म्हटलं होतं. माझं मत विचाराल तर शंभर कोटी करा. माणसं कमी येतील, चालेल.

ताळेबंद

शंभर कोटीची रेघ असेल तर मी विरोध मागे घेतो. मूल्यांकनाचं भांडण तेवढ्या लोकांपुरतं झेपेल. पण शेतीच्या उत्पन्नाचंही बोला मग. ते करमुक्त आहे. खऱ्या शेतकऱ्याला हात लावू नका, पण कारखाना, हॉटेल, प्लॉटिंग करून वर आठ एकर द्राक्ष दाखवणारे आणि सगळा काळा पैसा त्या आठ एकरांत पिकवणारे कमी आहेत का? एकरी एवढं द्राक्ष पिकलं असतं तर वेल मोडला असता.

उन्हाळकांदा

लावा की. आमचं काय जातंय? कर भरण्याइतकं उत्पन्न एकदा शेतीतून होऊ द्या, मी स्वतः ढोल घेऊन भरायला येतो.

शटर_अर्धं

हा धागा वाचून दुकानाच्या घरपट्टीचं बिल काढून बघितलं. त्यात 'रोजगार हमी उपकर' म्हणून वेगळी ओळ आहे. वर्षानुवर्षं भरतोय, कधी वाचलीच नव्हती. म्हणजे पगारपत्रक भाऊ, तुमच्या त्या पोराच्या आजोबाच्या खडीत आमचाही वाटा होता. हे मला कोणी आधी का सांगितलं नाही? भरताना एवढं टोचलं नसतं.

नोटाछाप

कारण सांगायची पद्धत मोडली. वि. स. पाग्यांनी १९६५ ला सांगली जिल्ह्यात विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला, पुढे १९७७ ला कायदा झाला, आणि २००५ ला केंद्राने त्याच धर्तीवर देशभर नेला. तेव्हा आमच्या प्रेसमध्येही कुरकूर होती, गावाकडच्यांसाठी आमचा पगार का? आमचे एक युनियनवाले म्हणायचे, दुष्काळात तो गावात थांबला नाही तर तुझ्या दारात येऊन उभा राहील, कुठे उभा केलेला परवडतो ते तू ठरव. कुरकूर थांबली.

तेव्हा सगळ्यात वरच्यालाही वर्षाला २५० च. म्हणजे रचना तेव्हाही सपाटच होती. पण आमच्या साहेबाचा पगार आणि आमचा पगार यात अंतर किती? सहापट, सातपट. सपाट कर सपाट जमिनीवर ठीक असतो. आता जमीन कसारा घाट झालीय.

सुरगाणा_ते_सिडको

काका, अंतराचं खरं आहे. २०२५ च्या पावसाळ्यात आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलन होतं, आश्रमशाळांतल्या रोजंदारीवरच्या लोकांचं. बाहेरच्या ठेकेदारामार्फत भरती नको म्हणून. ताडपत्रीखाली आठवड्यामागून आठवडे राहिली माणसं, चुली तिथेच. त्यांचं मागणं पगारवाढीचंसुद्धा नव्हतं धड. मधे ठेकेदार घालू नका, एवढंच.

पगारपत्रक दादा, तुम्ही त्या मधल्या जागेवर बसता, म्हणून विचारते. राग मानू नका. एका माणसामागे ठेकेदाराला किती सुटतं?

पगारपत्रक

राग नाही, ताई. आकडा सांगितला तर उद्या नोकरी नाही. एवढं सांगतो की बिल बनवणारा कॉम्प्युटर आणि पगार बनवणारा कॉम्प्युटर एकाच टेबलावर आहेत, आणि दोन्हीवर बोटं माझीच असतात.

२०२३ ला बायकांना पी.टी.मध्ये २५,००० पर्यंत माफी झाली. त्या महिन्यात पॅकिंगच्या लाइनवरच्या चौघीजणी स्लिप घेऊन आल्या होत्या, दोनशे जास्त का आले विचारायला. चूक झाली असेल तर परत घ्या म्हणाल्या. चौदा वर्षांत पैसे जास्त आले म्हणून कुणी विचारायला आलेलं तेवढं एकदाच.

ल्योंकर

दादा, इथे ताळेबंद सर नियमात बसवून शून्य कर भरणारे दाखवतात आणि तुम्ही दोनशे परत करायला आलेल्या बायका. दोन्ही एकाच पानावर वाचून झोप उडाली. इकडे पहाटेचे दोन वाजलेत.

पगारपत्रक

आज तो पेठचा पोरगा पुन्हा आला होता. दुसरी पाळी सुरू व्हायच्या आधी. मी त्याला धागा दाखवला मोबाईलवर, सुरगाण्याच्या ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला त्याने. त्याची मावशीही होती म्हणे त्या मोर्चात.

मग खिशातून तीच स्लिप काढली. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने गणित केलेलं. २,५०० भागिले ५५०. उत्तर साडेचार, पुढे 'दिवस'. खाली दुसरी ओळ, '२,५०० भागिले', आणि पुढे जागा मोकळी. म्हणाला, "साहेब, मालकांचा रोज सांगा, एवढं पुरं करायचंय."

मी सांगितलं, मालकांचा हिशेब माझ्याकडे नसतो. तो वरच्या मजल्यावर होतो.

"बरं," म्हणाला, आणि स्लिपची परत चौघडी घातली. भोंगा झाला होता.